रायवळ आंब्याचे गणगोत

मुळशीच्या डोंगरउतारावर आंबट, धागेदार फळांनी लगडलेला जुना आंबा दिसला की आपण त्याला सहज ‘जंगली’ म्हणतो. आम्हांला हा शब्द खटकतो. तो रायवळ होय. हापूस आणि तो, दोघेही मँजिफेरा इंडिका या एकाच जातीचे. आंब्याचा मोहोर बहुधा परपरागाने फळतो, म्हणून कोयीचे रोप आईसारखे निघेलच असे नाही. रायवळाचे प्रत्येक झाड त्यामुळे निराळी असामी असते. हापूस मात्र कलमाने पुढे चालवलेला वाण.

मग खरे रानटी भाऊबंद कोठे आहेत? सह्याद्रीतला अंबाडा, ज्याला कोणी रानआंबाही म्हणतात, तो काजू-बिब्ब्याप्रमाणे केवळ कुळाने नातलग. जवळचे भाईबंद पाहायचे तर ईशान्येकडील मँजिफेरा सिल्वाटिका, अंदमानातील मँजिफेरा अंदमानिका आणि त्यापुढे मलाया-बोर्निओची अरण्ये. आंब्याच्या पेशीत ४० गुणसूत्रे असतात. प्राचीन संकर व गुणसूत्रांची दुप्पट यांतून आंबा उपजला असावा, असा तर्क एस्. के. मुखर्जी यांनी १९५० च्या सुमारास केला. २०२० मध्ये हापूसचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, त्यात दुपटीच्या खुणा आढळल्या. संकराचा प्रश्न निराळा.

याचा व्यवहाराशी संबंध आहे. हापूसच्या गरात साका होतो. नीलमशी त्याचा संकर करून कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये ‘रत्ना’ दिला, त्यात साका नाही. असे गुण परक्या झाडांतच शोधावे लागतात, आणि रायवळ हे त्यांचे घरचे कोठार. प्लॉट पाडताना एखादा रायवळ तोडला, तर त्याच्या कोयीतून तोच आंबा परत येत नाही. तोडण्याआधी काडी घेऊन कलम बांधले, तर येतो.