सीमाभागातील विद्यार्थ्याची अभियोग्यता आणि अध्यापन-पद्धती

एकाच वर्गात, एकाच शिक्षकाने, एकच पाठ शिकविला तरी सर्व विद्यार्थ्यांच्या पदरी सारखेच पडत नाही, हा प्रत्येक अध्यापकाचा अनुभव आहे. या तफावतीचे कारण सामान्यतः विद्यार्थ्याच्या बुद्धीत शोधले जाते आणि प्रगतिपुस्तकावर ‘अभ्यासात मंद’ असा शेरा उमटतो. कर्नाटक राज्यातील बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत मात्र असा शेरा लिहिण्यापूर्वी थोडे थांबणे अगत्याचे आहे. येथील बालकाची घरची, गल्लीतील आणि शाळेतील भाषा पुष्कळदा एक नसते. त्यामुळे भाषेची अडचण ही अभियोग्यतेची उणीव म्हणून नोंदविली जाण्याचा धोका येथे अधिक संभवतो.

बहुभाषिक पार्श्वभूमी

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी व बसवकल्याण हे तालुके नांदेड, लातूर व धाराशिव जिल्ह्यांना लागून आहेत. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्याची सीमा अक्कलकोट व उमरगा या तालुक्यांना भिडते. बीदर व कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद आदी भाग म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. सीमारेषा आखली गेली. परंतु सोयरीक, बाजारहाट व बोलणेचालणे पूर्ववत चालू राहिले. कन्नड, मराठी, दखनी उर्दू, तेलुगू आणि तांड्यांवरील लमाणी या भाषा येथे शेजारी नांदतात.

शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्नही येथे जुनाच आहे. संस्थानी काळात उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्या परिस्थितीत कलबुर्गी येथे १९०७ मध्ये स्थापन झालेल्या नूतन विद्यालयासारख्या संस्थांनी देशी भाषांतील शिक्षणाची वाट धरली. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ अस्तित्वात आला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचे धोरण संविधानात नमूद झाले. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत कन्नड ही प्रथम वा द्वितीय भाषा म्हणून शिकविणे आवश्यक ठरले. तात्पर्य, येथील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला दोन भाषा व दोन लिप्या बरोबरीने आत्मसात कराव्या लागतात.

अभियोग्यता म्हणजे काय?

अभियोग्यता म्हणजे एखादा विषय वा कौशल्य शिकण्याची विद्यार्थ्याच्या ठायी असलेली क्षमता. अभिरुची म्हणजे आवड. ती अभियोग्यतेहून वेगळी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांनी १९६३ मध्ये या संकल्पनेला एक उपयुक्त वळण दिले. त्यांच्या मते, अध्यापन उत्तम असेल तर एखादी गोष्ट शिकण्यास विद्यार्थ्याला जितका वेळ लागतो, तो वेळ म्हणजेच त्याच्या अभियोग्यतेचे माप होय. विद्यार्थी प्रत्यक्षात किती शिकतो, हे मात्र याखेरीज आणखी चार गोष्टींवर अवलंबून असते : शाळेने दिलेला वेळ, विद्यार्थ्याची चिकाटी, अध्यापनाचा दर्जा आणि दिलेल्या सूचना समजून घेण्याची विद्यार्थ्याची कुवत. यांपैकी शेवटची बाब सीमाभागात कळीची आहे. सूचनेची भाषाच नीट उमगली नाही, तर विषयाची उत्तम अभियोग्यता असूनही विद्यार्थी मागे पडतो.

अभियोग्यतेच्या मापनातही हीच दक्षता घ्यावी लागते. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली, ती शाळेत साहाय्याची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. त्यांना कायमचे कमी लेखण्यासाठी नव्हे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही श्रेणी आपल्याकडील मुलांसाठी मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत सिद्ध केली; त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही भाषांत ही श्रेणी तयार करण्यामागील तत्त्व उघड आहे : मुलाची बुद्धी मोजावयाची, तर प्रश्न त्याला कळणाऱ्या भाषेत विचारला गेला पाहिजे.

चूक कोठून येते?

हे तत्त्व दैनंदिन अध्यापनात कसे लागू पडते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. पहिले उदाहरण अंकगणिताचे. मराठीत २३ या संख्येला ‘तेवीस’ म्हणतात. येथे तीनाचा उच्चार आधी आणि विसाचा नंतर होतो, लिहिताना मात्र दोन आधी येतो. कन्नडमध्ये ‘इप्पत्तु’ म्हणजे वीस व ‘मूरु’ म्हणजे तीन, मिळून ‘इप्पत्तमूरु’; उच्चार आणि लेखन यांचा क्रम एकच. ४९ ला मराठीत ‘एकोणपन्नास’, म्हणजे पन्नासाला एक कमी, तर कन्नडमध्ये ‘नलवत्तोंबत्तु’, म्हणजे चाळीस आणि नऊ. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाने मराठी शाळेत ‘तेवीस’ ऐकून ३२ लिहिले, तर त्याला स्थानिक किंमत कळत नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्याला कदाचित केवळ शब्दाची घडण नवी असेल. महाराष्ट्रात बालभारतीच्या २०१९ च्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशा धर्तीचे संख्यावाचन प्रचलित वाचनाबरोबर दिले गेले, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. वादाचा निकाल काहीही असो, संख्यानामांची रचना बालकाला अडवू शकते, ही गोष्ट त्यातून सर्वांसमोर आली.

दुसरे उदाहरण व्याकरणाचे. मराठीत फळा तो, वही ती आणि पुस्तक ते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी मानल्या जातात. मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद भाकरीप्रमाणे चालते. कन्नडमध्ये ते कर्त्याप्रमाणे चालते. सीमाभागात ऐकू येणारे ‘मी भाकरी खाल्लो’ हे वाक्य म्हणूनच निष्काळजीपणाचे द्योतक नव्हे. त्यामागे नियम आहे. तो शेजारच्या भाषेचा आहे इतकेच. उलटपक्षी, मराठी मुलाला कन्नडमधील ऱ्हस्व व दीर्घ ओकार वेगळे ऐकू येत नाहीत. ‘कोडु’ मधील ओकार ऱ्हस्व उच्चारला तर अर्थ ‘दे’ आणि दीर्घ उच्चारला तर ‘शिंग’ असा होतो. असा भेद मराठीत नसल्याने त्याच्या कानाला तो मुद्दाम शिकवावा लागतो.

पद्धतीची निवड

अभियोग्यता व अध्यापन-पद्धती यांच्या परस्परसंबंधाचा विस्तृत आढावा ली क्रॉनबॅक व रिचर्ड स्नो यांनी १९७७ मध्ये घेतला. सर्वांना सर्वकाळ मानवेल अशी एकच पद्धत नाही, हा त्याचा आशय. पूर्वतयारी कमी असलेल्या विद्यार्थ्यांना पायऱ्यापायऱ्यांनी, उदाहरणे सोडवून दाखवीत केलेले अध्यापन बहुधा लाभते. पूर्वतयारी चांगली असलेल्यांना स्वतः शोध घेण्याची मोकळीक अधिक मानवते. मात्र यावरून मुलांची ‘पाहून शिकणारी’, ‘ऐकून शिकणारी’ अशी कायम वर्गवारी करणे योग्य नव्हे. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या समीक्षेत अशा वर्गवारीनुसार शिकविल्याने लाभ होतो, याला पुरेसा पुरावा आढळला नाही.

प्रत्येकास त्याच्या गतीने शिकू देण्याचा एक प्रयोग कर्नाटकातच झाला आहे. ऋषी व्हॅली येथील पद्धतीपासून प्रेरणा घेऊन १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नली-कली’, म्हणजे आनंदाने शिका, हा उपक्रम सुरू झाला. २००९-१० पासून तो राज्यातील शासकीय कन्नड शाळांच्या प्रारंभिक इयत्तांत व्यापक प्रमाणावर राबविण्यात आला. यात अभ्यासक्रमाच्या लहान पायऱ्या व कार्डे असतात. काही मुले शिक्षकाच्या साहाय्याने, काही सोबत्यांच्या मदतीने, तर काही स्वतंत्रपणे काम करतात आणि एक पायरी पक्की झाल्यावरच पुढे जातात. वेळ हेच अभियोग्यतेचे माप, हा कॅरोल यांचा विचार येथे प्रत्यक्ष वर्गात उतरलेला दिसतो.

सीमाभागातील अध्यापकास खर्चाविना पुढील गोष्टी करता येतील. प्रारंभी प्रत्येक मुलाची घरची भाषा नोंदवावी. अडलेला प्रश्न एकदा त्या भाषेत विचारून पाहावा. उत्तर बरोबर आले, तर अडचण विषयाची नसून माध्यमाची आहे हे कळेल. दशक-एकक शिकविताना काड्यांच्या जुड्या मांडून दोन्ही भाषांतील संख्यानामे शेजारी ठेवावीत. कन्नड व देवनागरी या लिप्यांतील वर्णांचा क्रम बहुतांशी एकच असल्याने क, ख, ग जोडीने शिकवावेत. शिक्षकास एखाद्या मुलाची भाषा येत नसेल, तर ती जाणणारा वर्गातील सोबती दुभाष्याचे काम करू शकेल.

इतके करूनही काही मुलांना अधिक वेळ लागेल; तो त्यांना दिला पाहिजे. पहिलीदुसरीत बसलेला ‘मंद’ हा शिक्का पुसणे पुढे कठीण जाते. मूल स्वतःच त्यावर विश्वास ठेवू लागते, पालकही शाळेपेक्षा शेताकडे पाहू लागतात आणि एक शिकू शकणारे मूल शाळेबाहेर जाते. म्हणून शेरा लिहिण्यापूर्वी तोच प्रश्न दुसऱ्या भाषेत विचारण्यासाठी लागणारी दोन मिनिटे सीमाभागातील अध्यापकाने अवश्य खर्चावीत.