अंदाज आणि बिल यांमधला रकाना

पेढीवर रोकड जुळल्याशिवाय संध्याकाळी रोजमेळ मिटत नाही. त्याच घरातील मुलगा किंवा सून स्वतंत्रपणे ग्राफिक डिझाइनची कामे घेऊ लागली, की मात्र हिशेब बँकेत जमा झालेल्या रकमेपाशीच संपतो. काम स्वीकारताना कोणता आकडा सांगितला आणि अखेरीस बिल कितीचे झाले, याची नोंद सहसा कुठेच राहत नाही.

समजा, साडीच्या दुकानाचा कॅटलॉग करावयाचा आहे. ४० तास, ताशी ६०० रुपये, असा २४,००० रुपयांचा अंदाज दिला. पुढे छायाचित्रे बदलली, नवी पाने आली, भाव दोनदा सुधारले. तास ५५ झाले. श्रमाचे मोल ३३,००० रुपये, बिल मात्र भिडेपोटी २६,००० रुपयांचे. केवळ अंदाज आणि बिल ताडून पाहिल्यास २,००० रुपये अधिक मिळाल्याचे समाधान वाटते; वस्तुतः ७,००० रुपयांचे श्रम बिलात आलेच नाहीत. म्हणून प्रत्यक्ष तासांचा तिसरा रकाना हवा आणि त्याशेजारी फरकाचे कारण. अंदाज आपला चुकला, की ग्राहकाने काम वाढवले? पहिल्याचा भार आपण सोसावयाचा, दुसऱ्याचे पैसे मागावयाचे. ही गल्लत झाली, तर सरसकट दर वाढवला जातो आणि सरळ ग्राहक अकारण दुरावतो.

जीएसटी लागू असल्यास तो वगळूनच तुलना करावी. टीडीएस ही तूट नव्हे. ती रक्कम पॅनवर जमा होते आणि विवरणपत्रात वळती करून मिळते. (बँकेतील जमेवरून बिल ओळखू पाहणारे इथेच फसतात.)

डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की माणूस अंदाज बांधताना हातातील कामाच्या योजनेत गुंततो. तशाच पूर्वीच्या कामांना किती वेळ लागला होता, हे पाहत नाही. दहा-बारा कामांची वही नेमके तेच दाखवते. मात्र कॅटलॉग, बोधचिन्ह, लग्नपत्रिका यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. एकत्रित सरासरीत तोट्याचे काम दडून जाते.

सर्वाधिक गळती नात्यातल्या ग्राहकांकडे होते. तेथे शेवटी वाढवलेले बिल मन दुखावते, न वाढवलेले सलत राहते. काम वाढेल त्याच दिवशी, हात लावण्यापूर्वी, एक संदेश धाडावा: ‘काका, नवी आठ पाने, सहा तास, ३,६०० रुपये. सुरू करू का?’ उत्तर आले, की ते त्या कामाच्या नोंदीखाली तारखेसह उतरवावे.