परत फिरण्याचा निर्णय : पश्चिम किनाऱ्यावरील विमानवाहतूक, २०१० ते २०२५

विमानव्यवसायातील नैतिक निर्णयाची कसोटी बहुधा उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या काही सेकंदांत लागते. वेग, उंची किंवा दिशा ठरलेल्या मर्यादेत नसेल, तर विमान न टेकवता पुन्हा वर न्यायचे असते. वैमानिक याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. त्यात इंधन जळते, उशीर होतो, पुढचे वेळापत्रक कोलमडते, आणि वरिष्ठ जाब विचारतील अशी धास्तीही असते. नियम पुस्तकात स्पष्ट असतो; तो पाळण्याचे धैर्य मात्र माणसाला त्या क्षणी दाखवावे लागते. मुंबईपासून खाली केरळपर्यंत पसरलेल्या किनाऱ्याने गेल्या दीड दशकात ही कसोटी पुन्हा पुन्हा पाहिली.

२२ मे २०१० रोजी सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ मंगळुरूच्या पठारावरील धावपट्टीवरून दरीत कोसळले. १६६ जणांपैकी ८ वाचले. हवा स्वच्छ होती, विमानातही बिघाड नव्हता. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाला कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कमांडरच्या घोरण्याचा आवाज आढळला. प्रवासाचा मोठा भाग ते झोपेत होते आणि बहुधा त्या गुंगीतून पुरते बाहेर येण्याआधीच विमान खाली आणू लागले. विमान फार उंचावर होते. को-पायलटने परत वर जाण्याविषयी तीनदा सांगितले, यंत्रणेचे इशारेही वाजत राहिले. तरीही सुमारे ८,००० फूट लांबीच्या धावपट्टीवर सुरुवातीपासून ५,२०० फूट पुढे विमान टेकले.

को-पायलटने केवळ सांगितले. सुकाणू हाती घेतले नाही. त्याचे एक संभाव्य कारणही अहवालात आहे : कनिष्ठ वैमानिकाने स्वतः गो-अराउंड कधी करावा, याविषयीच्या सूचना संदिग्ध होत्या. अहवालातील सर्वांत मोलाचा धागा हाच म्हणावा लागेल. कनिष्ठाला धोका दिसतो, तो बोलतोही; पण त्यापुढे जायला व्यवस्थेचा भक्कम आधार नसेल, तर त्याच्या बोलण्याचा उपयोग होत नाही.

पुढच्या वर्षी गोव्यात वेगळाच प्रकार उघड झाला. जानेवारी २०११ मध्ये दिल्लीहून आलेले एक विमान आधी नाकाच्या चाकावर टेकले. चौकशीत त्या वैमानिकेने परवान्यासाठी बनावट गुणपत्रिका दिल्याचे आढळले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने परवान्यांची फेरतपासणी सुरू केली; आणखी काही वैमानिक सापडले, दलालांना अटक झाली. अशा ठिकाणी निर्णय कॉकपिटमध्ये शिरण्याच्या कितीतरी आधी चुकलेला असतो.

२०१२ मध्ये अपघातांच्या तपासासाठी स्वतंत्र ब्यूरो स्थापन झाला. पावसाळ्यात को-पायलटच्या हाती विमान उतरवायला देऊ नये, अस्थिर स्थितीतून परत फिरणाऱ्यावर कारवाई करू नये, अशा सूचना रुजू लागल्या. तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये आणि १ जुलै २०१९ च्या मुसळधार रात्री मुंबईत विमाने धावपट्टीबाहेर गेली. दुसऱ्या घटनेनंतर मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. त्याच दिवशी मुंबईत बेंगळुरूहून आलेले मालवाहू विमान उतरताना धावपट्टीबाहेर गेले. कोणाला इजा झाली नाही, मात्र विमानतळाचे काम काही तास थांबवावे लागले.

दोन महिन्यांनी, ७ ऑगस्टला, कोझिकोडला, कोविडकाळात परदेशातील भारतीयांना मायदेशी आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेतील विमान भर पावसात पठारावरून घसरले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण दगावले. कमांडर दीपक साठे मूळचे नागपूरकडचे, हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर. त्यांच्या कसबाविषयी कोणालाच शंका नव्हती, म्हणूनच या अपघाताचा तपास अहवाल वाचताना मन जड होते. त्यांच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. पहिला प्रयत्न सोडून ते परत फिरले होते, हा निर्णय बरोबर होता. दुसऱ्या वेळी वारा पाठीमागून असताना ते उतरू लागले आणि जवळपास निम्मी धावपट्टी संपल्यावर विमान टेकले. को-पायलटने ‘गो-अराउंड’ म्हटले. सुकाणू मात्र याही वेळी हाती घेतले गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच साठे यांना पुढचे उड्डाण करायचे होते आणि बदली कमांडर पुरेसे नव्हते, हे दडपणही तपासात नोंदले आहे. असे दडपण कार्यालयातील वेळापत्रकातून कॉकपिटमध्ये येते. त्याची जबाबदारी एकट्या वैमानिकावर टाकणे अन्यायाचे ठरेल.

वेळापत्रकाचा हाच प्रश्न पुढे विश्रांतीच्या नियमांत आला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आणि २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झालेल्या नियमांनी वैमानिकाची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीची अवतरणेही कमी केली. इंडिगोने पुरेशी तयारी केली नव्हती. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला हजारो उड्डाणे रद्द झाली आणि महासंचालनालयाला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. थकव्याविरुद्धचा नियम गर्दीच्या पहिल्याच धक्क्याला सैल झाला, ही चिंतेची बाब आहे.

त्याच महिन्याच्या २५ तारखेला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि रायगड जिल्ह्यात या क्षेत्रातील नोकऱ्या आल्या. त्यांतील बहुतेक जमिनीवरच्या आहेत; पण निर्णयाची कसोटी तिथेही लागते. देखभाल अभियंत्याने सही केल्याशिवाय दुरुस्त केलेले विमान सेवेत परतत नाही. सामान चढवणाऱ्या गाडीचा धक्का विमानाला लागला, तर तो चालकाने तिथल्या तिथे कळवायचा असतो. कारण नव्या विमानांच्या कंपोझिट सांगाड्यात आतला तडा बाहेरून दिसेलच असे नाही.