नौकेच्या काचतंतू-कायेतील छिद्रांची दुरुस्ती

शिडाच्या नौकेच्या कायेत झडप, नळी किंवा खोलीमापक बसविण्यासाठी पाडलेली छिद्रे ते साधन काढल्यावर निरुपयोगी होतात. जलरेषेखाली ६० सेंमी. खोलीवरील ४ सेंमी. व्यासाच्या उघड्या छिद्रातून मिनिटाला सुमारे १५० लि. पाणी आत शिरते. म्हणून अशी छिद्रे कायमची बुजविणे इष्ट असते. नुसते लुकण भरल्यास ते केवळ छिद्राच्या कडेला चिकटते व पाण्याच्या दाबाने आणि काया लवत राहिल्याने सुटू शकते. याकरिता नौका पाण्याबाहेर घेऊन तो भाग पूर्ण कोरडा करतात व छिद्राची कड बाहेरून घासून बशीसारखी उतरती करतात. उताराची रुंदी कायेच्या जाडीच्या सुमारे १२ पट ठेवतात. काया १ सेंमी. जाड असल्यास वरील छिद्राभोवती २८ सेंमी. व्यासाची बशी होते व चिकटण्यास भरपूर क्षेत्र मिळते. आतून आधार देऊन एपॉक्सी रेझिनात भिजविलेल्या काचकापडाच्या चकत्या तीत थरांनी बसवितात. जुन्या थरांवर एपॉक्सीची पकड पॉलिएस्टर रेझिनापेक्षा चांगली असते. रेझीन घट्ट झाल्यावर पृष्ठावरील मेणचट थर पाण्याने धुऊन काढतात, पृष्ठ घासून कायेशी एकसारखे करतात व जलरोधक लेप देतात. काचेची धूळ श्वसनास अपायकारक असल्याने घासताना श्वसनरक्षक मुखवटा वापरणे आवश्यक असते.