समजून घ्या : चेहरा अचानक वाकडा झाला, तर कपाळ काय सांगतं?

जून २०२२ मध्ये पॉपस्टार जस्टिन बीबरने इन्स्टाग्रामवर एक व्हिडिओ टाकला. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू हलतच नव्हती. उजवा डोळा मिटत नव्हता आणि हसू फक्त डाव्या बाजूला उमटत होतं. त्याला ‘रॅमसे हंट सिंड्रोम’ झाला होता. कांजिण्यांचा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं सुप्त राहतो. तो पुन्हा जागा होऊन चेहऱ्याच्या नसेवर हल्ला करतो, तेव्हा हा आजार होतो.

आपल्याकडे असं झालं की ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात. पक्षाघाताचा झटका आला, तरी ‘अंगावरून वारं गेलं’ असंच म्हणतात. शब्द एकच असला, तरी आजार वेगवेगळे आहेत. पहिल्यात बिघाड चेहऱ्याच्या नसेत असतो, दुसऱ्यात थेट मेंदूत. आणि दुसऱ्यात एकेक मिनिट मोलाचं असतं.

हा फरक समजण्यासाठी आधी मेंदूतून निघणाऱ्या नसांची ओळख करून घेऊया.

क्रेनियल नर्व्ह म्हणजे काय?

इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नाही, तर संदेश वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची जुडी. हातापायांच्या नसा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून निघतात. डोकं, चेहरा आणि घशाचं काम मात्र मुख्यतः मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या सांभाळतात. त्यांनाच क्रेनियल नर्व्ह म्हणतात. प्राचीन काळी गॅलनने अशा ७ जोड्या मोजल्या होत्या. १६६४ मध्ये थॉमस विलिस यांनी ९ सांगितल्या. आज वापरात असलेली १२ जोड्यांची मांडणी जर्मन शरीररचनातज्ज्ञ सॅम्युअल सोमरिंग यांनी १७७८ मध्ये केली.

कोणती नस काय करते?

• पहिली : वास
• दुसरी : दृष्टी
• तिसरी, चौथी, सहावी : डोळ्यांची हालचाल. पापणी उचलण्याचं काम तिसरीचं. यातली एखादी बिघडली की एकाच्या दोन वस्तू दिसू शकतात.
• पाचवी : चेहऱ्याचा स्पर्श आणि चावणं. दातदुखीचा निरोप हीच मेंदूकडे नेते.
• सातवी : चेहऱ्यावरचे हावभाव
• आठवी : ऐकणं आणि शरीराचा तोल
• नववी : घशाची संवेदना, जिभेच्या मागच्या भागाची चव
• दहावी (व्हेगस) : आवाज, गिळणं, तसंच हृदय आणि पचनसंस्था. ही मानेतून थेट पोटापर्यंत उतरते.
• अकरावी : मान वळवणं, खांदे उडवणं
• बारावी : जिभेची हालचाल

सातवी नसच का अडकते?

ही नस कानाजवळच्या हाडातल्या एका अरुंद, वळणदार बोगद्यातून जाते. कानाच्या पाळीखालून बाहेर पडली की तिच्या ५ मुख्य शाखा कपाळापासून मानेपर्यंत पसरतात. बोगद्यात तिला सूज आली, तर फुगायला जागाच नसते. नस दाबली जाते आणि चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते.

असं अचानक झालं आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. स्कॉटिश सर्जन चार्ल्स बेल यांच्यावरून हे नाव पडलं. दरवर्षी लाखात साधारण १५ ते ३० जणांना हा त्रास होतो. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि गर्भवतींमध्ये, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, धोका जास्त असतो.

सातवी नस आणखीही कामं करते. जिभेच्या पुढच्या भागाची चव, अश्रू, लाळ आणि मोठ्या आवाजापासून कानाचा बचाव यांत तिचा वाटा असतो. म्हणून काही रुग्णांना चव लागत नाही, डोळा कोरडा पडतो किंवा साधा आवाजही कर्कश वाटतो.

मग कपाळ काय सांगतं?

चेहऱ्याच्या खालच्या भागाला मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध बाजूकडून आदेश येतात. कपाळाला मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश मिळतात. जणू एकाच दिव्याला दोन फीडरवरून वीज. एक बंद पडला, तरी दुसऱ्यावर काम चालतं.

त्यामुळे मेंदूच्या एका बाजूला झटका आला, तर ओठाचा कोपरा ओघळतो, पण कपाळाला आठ्या घालता येतात. बेल्स पाल्सीत मात्र मेंदूकडून चेहऱ्याकडे जाणारी शेवटची वायरच दबलेली असते. तिथे दोन्हीकडचे आदेश अडतात. त्या बाजूच्या कपाळाला आठी पडत नाही आणि डोळाही नीट मिटत नाही.

मग घरीच तपासून ठरवायचं का?

नाही. मेंदूच्या देठात, म्हणजे सातवी नस जिथून निघते तिथेच झटका आला, तर कपाळही लुळं पडू शकतं. हा फरक ओळखणं डॉक्टरांचं काम आहे. घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं :

• चेहरा अचानक वाकडा झाला, हातापायातली ताकद गेली, बोलणं अडखळलं किंवा तोल गेला, तर थेट सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.
• रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.
• तोंडाने काही खायला-प्यायला किंवा गोळी देऊ नका. गिळता येत नसेल, तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

‘आधी मालिश करू, सकाळी बघू’ यात हेच साडेचार तास हातचे जातात.

बेल्स पाल्सी निघाली तर?

तीही अंगावर काढू नये. डॉक्टरांनी सुचवलेली स्टेरॉइडची गोळी ७२ तासांच्या आत सुरू झाली, तर पूर्ण बरं होण्याची शक्यता वाढते. मधुमेह असेल तर ते आधीच सांगावं, कारण या गोळीने साखर वाढते. डोळा मिटत नसल्याने बुबुळाला इजा होऊ शकते. त्यासाठी दिवसा डॉक्टरांनी दिलेले ड्रॉप्स घालावेत आणि रात्री पापणी बंद ठेवण्याची पद्धत त्यांच्याकडून शिकून घ्यावी. कानात किंवा कानाजवळ पुरळ, फोड असतील तर लगेच दाखवावेत. ते रॅमसे हंटचं लक्षण असू शकतं.

बेल्स पाल्सीचे बहुतांश रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. पण चेहरा हळूहळू, कित्येक आठवड्यांत वाकडा होत गेला असेल, किंवा तीन महिन्यांनंतरही फरक पडला नसेल, तर दुसरं कारण शोधण्यासाठी पुन्हा तपासणी करून घ्यावी.