नळी, भोक आणि लाकूड : लेखणीसाठी योग्य मापाचे बिट कसे निवडावे?

जुन्या वाड्याची सागवानी तुळई उतरविली जाते, आणि तिचा वीतभर तुकडा कोणी आठवण म्हणून जपून ठेवतो. त्या तुकड्याची लेखणी करावी असे मनात आले, तर पहिले संकट उभे राहते ते भोकाचे. बाहेरून लाकूड कातण्यात चूक झाली तर ती थोडीफार झाकता येते. परंतु भोक एकदा मोठे पडले की काढलेले लाकूड पुन्हा जागी बसविता येत नाही. म्हणून बिटाच्या मापाचा विचार आधी केला पाहिजे.

अशा लेखणीची रचना साधी असते. सावंतवाडीचे कारागीर लाकडी खेळणी ज्या रीतीने कातून त्यांवर लाखेचे रंग चढवितात, त्याच रीतीने लेखणीचे लाकूडही लेथवर फिरते ठेवून कातावयाचे असते. मात्र त्यापूर्वी लाकडाच्या चौकोनी ठोकळ्यास लांबीच्या दिशेने आरपार भोक पाडून त्यात पितळेची नळी चिकटवितात. कांडी, टोक, पकड इत्यादी तयार भाग या नळीतच बसतात. समजा, कातून झाल्यावर लेखणीचा टोकाजवळील व्यास ८.४ मिलिमीटर राहिला आणि भोक ७ मिलिमीटरचे आहे. मग लाकडाची भिंत उरली अवघी ०.७ मिलिमीटर! एवढे पातळ लाकूड टिकते ते नळीच्या आधाराने. तो आधार सर्वत्र सारखा मिळावा, हेच योग्य मापाचे प्रयोजन होय.

संचाबरोबर येणाऱ्या कागदावर बिटाचे माप दिलेले असते. बारीक लेखणीच्या सर्वपरिचित संचास ७ मिलिमीटरचे बिट लागते. परंतु परदेशी बनावटीच्या काही संचांवर माप इंचाच्या अपूर्णांकात, तर कधी अक्षरात असते. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली गेली. त्यामुळे बाजारात बिटे बहुधा मिलिमीटरमध्ये मिळतात, आणि रूपांतर करणे भाग पडते. १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. जाड लेखणीच्या 'सिएरा' जातीच्या संचास २७/६४ इंचाचे बिट सांगितलेले असते; २७ ला ६४ ने भागून २५.४ ने गुणिले असता १०.७२ मिलिमीटर येतात. येथे १०.५ मिलिमीटरचे बिट घेतले तर नळी आत शिरणार नाही, आणि ११ मिलिमीटरचे घेतले तर ती खुळखुळेल; १०.७ मिलिमीटरचे बिटच शोधले पाहिजे. अक्षरी मापांत 'ए' म्हणजे ०.२३४ इंच आणि 'झेड' म्हणजे ०.४१३ इंच. त्यांतील 'ओ' म्हणजे ०.३१६ इंच, अर्थात ८.०३ मिलिमीटर, ते अक्षर आहे, शून्य नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

आता एक प्रश्न उद्भवतो. ७ मिलिमीटरच्या बिटाने पाडलेले भोक ७ मिलिमीटरचेच असते काय? नेहमीच असते असे नाही. पिळाच्या बिटास, ज्याचे एकस्व अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये मिळविले, टोकाशी दोन कापणाऱ्या धारा असतात. घासताना एक धार लांब व दुसरी आखूड राहिली, तर बिटाचे टोक मध्यापासून सरकते आणि भोक मोठे पडते. उलट, बोथट बिट घासले जाऊन उष्णता उत्पन्न होते. ॲक्रिलिकचा ठोकळा असेल आणि भोकाभोवतीचा भाग ६० अंश सेल्सिअसने तापला असे धरले, तर निवल्यावर ७ मिलिमीटरचे भोक सुमारे ०.०३ मिलिमीटरने आखडते. म्हणून बिट धारदार असावे, थोडे आत घालून वारंवार बाहेर काढावे आणि खाचांत अडकलेला भुसा झटकावा.

नळी आणि भोक यांच्या व्यासांत साधारणतः ०.१ ते ०.२ मिलिमीटर अंतर असावे. त्याहून कमी असल्यास चिकटद्रव्य पुढे ढकलले जाऊन नळी अर्ध्यावरच अडकते. अधिक असल्यास चिकटद्रव्याचा थर जाड व असमान होतो. यासाठी व्हर्निअर कॅलिपरने नळी दोन-तीन ठिकाणी मोजावी. मग त्याच जातीच्या टाकाऊ लाकडात एक भोक पाडून पाहावे. नळी बोटाच्या दाबाने सरकली पाहिजे. हातोडी लागू नये, आणि ती आत डुलूही नये. दोन बिटांत निवड करताना संशय असेल तर लहान बिट घ्यावे. भोक अरुंद पडल्यास ते पॉलिशकागदाच्या गुंडाळीने किंचित वाढविता येते. काम करताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि सैल बाह्या आवरून घ्याव्यात.

येथवर माप धातूचे झाले. लाकडाचे माप मात्र ऋतूबरोबर बदलते. मुंबई-हावडा लोहमार्गावर, रायपूर व भिलाई यांच्या दरम्यान, छत्तीसगडात कुम्हारी नावाचे गाव आहे. पोलाद कारखान्यामुळे भिलाईच्या परिसरात अनेक मराठी कुटुंबेही स्थायिक झाली. तेथे वैशाखात हवा तापून अत्यंत कोरडी होते, आणि श्रावणात तीच हवा ओलाव्याने जड होते. कुंभाराची ओली माती सुकताना आखडते, तसेच लाकूडही आखडते; मात्र सर्व दिशांनी सारखे नव्हे. सागवानाचा ओलावा शेकडा ८ ने घटला असे समजा. वार्षिक वलयांच्या दिशेने ७ मिलिमीटरचे भोक सुमारे ०.१ मिलिमीटरने आखडेल. वलयांना काटकोनात त्याच्या निम्म्याने. अर्थात भोक गोल न राहता लंबगोल होईल. पितळ मात्र आखडत नाही. श्रावणातील ओल्या लाकडात घट्ट बसविलेल्या नळीभोवती वैशाखात ताण उत्पन्न होतो, आणि ०.७ मिलिमीटरची भिंत तडकते. तडा दिसतो तेव्हा आपण लाकडास दोष देतो. वस्तुतः चूक काही महिन्यांपूर्वी झालेली असते.

उपाय सोपा आहे. ठोकळा घरात ठेवून दर आठवड्यास त्याचे वजन करावे; वजन घटण्याचे थांबले म्हणजे लाकूड तेथील हवेशी जुळले असे समजावे. भोक पाडल्यावरही एक-दोन दिवस थांबून मगच नळी चिकटवावी.

शाळांतील विद्यार्थ्यांस हा प्रयोग सहज करता येईल. सागाच्या एका ठोकळ्यात ७ मिलिमीटरचे भोक पाडावे, परस्परांस काटकोनात असलेले त्याचे दोन व्यास श्रावणात मोजून वहीत लिहावेत, आणि तेच पुन्हा वैशाखात मोजावेत. बिटावर कोरलेला आकडा दोन्ही वेळी एकच राहील. भोकाचा मात्र राहणार नाही. हा फरक ज्याने स्वतः मोजला, तो तुळईचा जपलेला तुकडा लेथवर चढविण्याची घाई करणार नाही.