ठेक्याचे घर बदलताना

लग्नाच्या मांडवापासून गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रापर्यंत आपण एक दृश्य पाहतो. एकच कीबोर्डवादक ढोलकी, बास, गिटार असा सगळा ताफा घेऊन बसलेला असतो. डाव्या हाताने तो फक्त कॉर्ड धरतो. साथ करते ती वाद्यात साठवलेली 'स्टाइल'. लावणीची, भजनाची, कोळीगीताची अशी कितीतरी स्टाइल आपल्याकडच्या वादकांनी स्वतः बसवली आहेत. त्यांची नोंद ग्रंथालयात सापडत नाही. वाद्य बिघडले किंवा दुसऱ्या कंपनीचे घेतले की वर्षांची मेहनत मुकी होते. संगीताची वा संगणकाची पदवी माझ्यापाशी नाही. या फायली उघडून, ओळीओळीने वाचत जे उमगले ते इथे मांडतो.

मुळाशी मिडी आहे. १९८३ साली आलेल्या या संकेतप्रणालीत आवाज नसतो. कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने दाबली, एवढेच असते. जोर ० ते १२७ या अंकांत. म्हणजे ही एक स्वरलिपीच. पलुस्करांच्या लिपीतली बंदिश भातखंड्यांच्या लिपीत उतरवता येते, मग स्टाइल का अडावी? कारण स्टाइलमध्ये लिपीबरोबर नियमही असतो, आणि तो प्रत्येक कंपनीचा निराळा.

यामाहाच्या स्टाइलमध्ये मिडीची ओळ, इंट्रो-मेन-फिल-एंडिंगच्या खुणा आणि शेवटी 'कॅझम' नावाचा विभाग असतो. ओळ बहुधा सी मेजर सेव्हन्थ या कॉर्डवर बांधलेली असते. वादकाने सी मायनर धरली की कॅझममधला नियम 'ई'चा 'ई फ्लॅट' करतो. सी हा षड्ज मानला, तर शुद्ध गंधाराचा कोमल गंधार. कोर्गच्या पीए मालिकेत मुख्य व्हेरिएशनसाठी सहापर्यंत वेगवेगळ्या ओळी ठेवता येतात आणि कोणत्या कॉर्डला कोणती वाजवायची हे एक तक्ता ठरवतो. रोलँडच्या जुन्या ई मालिकेत मेजर, मायनर आणि सेव्हन्थ अशा तीन ओळी असतात.

म्हणून यामाहाकडून रोलँडकडे जाताना नियम नेता येत नाही, त्याचे फळ न्यावे लागते. तीच ओळ तिन्ही कॉर्डवर वाजवून तीन ओळी तयार करायच्या. उलट प्रवासात केवळ मेजरची ओळ उचलली, तर मायनरसाठी मुद्दाम बसवलेली बासची चाल नाहीशी होते. रूपांतर झाल्यावर सी, सी मायनर, सी सेव्हन्थ आणि मग एफ धरून बास ऐकावा. चूक तिथे आधी कळते.

खरी अडचण तालाची आहे. १९९१च्या जनरल मिडीने दहावे चॅनेल तालवाद्यांना दिले आणि ४७ आवाजांच्या जागा पक्क्या केल्या. ३६ वर बास ड्रम, ३८ वर स्नेअर, ५६ वर काउबेल. त्या यादीत बोंगो आहे, कोंगा आहे. तबला नाही, ढोलकीही नाही. आपल्या वाद्यांचे बोल प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीच्या पट्ट्यांवर बसवले. त्यामुळे फाईल जशीच्या तशी नेली की 'ना'च्या जागी घंटा वाजू शकते. केरव्याच्या आठ मात्रा बरोबर पडतात, पण तो केरवा उरत नाही.

यावर संगणकाचा तोडगा पुरत नाही. कोणत्या पट्टीवर कोणता बोल आहे हे ऐकून, तक्ता करून, एकेक बोल हलवावा लागतो. नव्या वाद्यात घुमाऱ्याचा आवाजच नसेल, तर जवळचा कोणता घ्यायचा हे ढोलकी जाणणारा कानच ठरवतो.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. स्टाइल जपणाऱ्याने फाईलसोबत एक कागद ठेवावा: वाद्याचे नाव, किटचे नाव, पट्टीनिहाय बोल, मूळ कॉर्ड आणि ठेका बसवणाऱ्याचे नाव. यंत्रे बदलत राहतील. बोल लिहिलेले असले, तर ठेका पुन्हा उभा करता येतो. नुसते आकडे उरले, तर उद्याच्या वादकाला त्यातली लावणी ओळखताही येणार नाही.